तायडे बाईंचा हात

तायडे बाईंना फोन लावून काही उपयोग नसे. त्यांचा मोबाइल फ्रिजवरच्या स्टीलच्या डब्यात, रुमालात गुंडाळलेला असायचा. "वाजला तं वाजला," त्या म्हणायच्या. "ज्याले खरंच काम हाये तो घरी येते. नाई तं फॉर्टी मीटरवर येते."

फॉर्टी मीटर हा आम्हा हौशी रेडिओवाल्यांचा लहरींचा एक पट्टा. सकाळच्या वेळी त्यावर अमरावतीहून अकोला, जबलपूर, हैदराबाद असं ओसरीवर बसल्यासारखं बोलता येतं. बाई तिथे तोंडाने बोलत नसत. त्यांचं सगळं बोलणं मोर्समध्ये, म्हणजे तारेच्या कडकट्ट भाषेत चाले. पितळेची जड 'की', म्हणजे तार पाठवायची कळ, तिचं काळं बटण आणि त्यावर उजव्या हाताची दोन बोटं. रोज सकाळी, चहाच्याही आधी, त्या मला बोलावत आणि मी अकोल्याहून उत्तर देई. हवा कशी आहे, सिग्नल कसा आहे, काल काय खाल्लं, एवढंच. मग दोघंही आपापल्या कामाला लागायचो.

बाई गेल्यावर आमच्या रेडिओ क्लबच्या लोकांनी मला त्यांच्यावर लिहायला सांगितलं. "तुमच्याइतकं जवळचं कोण होतं?" म्हणाले. मी होकार दिला आणि टाळत राहिलो. मी मुळात कमी बोलणारा माणूस. बायको म्हणते, याच्या पोटातलं काढायला सांडशी लागते. पण आता लिहायला बसलोच आहे, तर अर्धं लिहून उठणार नाही.

बाईंकडे मी पहिल्यांदा गेलो तेव्हा अमरावतीला इंजिनिअरिंगला होतो. रेडिओच्या लायसन्सच्या परीक्षेला मोर्स लागायचं, आणि ते शिकवणारं माझ्या माहितीत दुसरं कुणी नव्हतं. बाई तेव्हा तारघरात नोकरीला होत्या. कॅम्पाच्या मागे दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली टेबलावर रेडिओ, आणि छतावरच्या टाकीपासून शेजारच्या कडुनिंबापर्यंत ताणलेली अँटेनाची तार. त्या तारेवर शेजारच्या रेखावहिनींनी एकदा साडी वाळत घातली होती. बाई खिडकीतूनच ओरडल्या, "वहिनी, काढ ते! नाई तं तुही साडी जपानपर्यंत जाईन!" वहिनींनी घाबरून खरंच काढली. पुढे कितीतरी वर्षं त्या मला विचारत, "काहो भाऊ, खरंच गेली असती का?"

तर पहिल्या दिवशी मी मोठ्या ऐटीत टिंब आणि रेघांचा तक्ता पाठ करून गेलो होतो. बाईंनी तक्त्याचा कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्याच कागदावर गरम भजी होती. टिंबं तेलात भिजत होती.

"डोळ्यानं पाठ केलेलं कानाले ऐकू येत नाई, पम्या," म्हणाल्या. माझं नाव प्रमोद. त्या दिवसापासून मी पम्या झालो, आणि पन्नाशीला आलो तरी पम्याच राहिलो. "तुले कोणी हाक मारली तं तू आधी अक्षरं मोजतं का? तसंच हाये हे. खाय भजे, अन् आयक."

आमच्यात 'हात' म्हणून एक गोष्ट असते. मोर्स एकच असलं तरी ते पाठवणारा प्रत्येक माणूस वेगळं पाठवतो. कुणाची रेघ लांबते, कुणी दोन शब्दांच्या मध्ये दम खातो, कुणी टिंबं एकावर एक सांडून ठेवतो. त्याला त्या माणसाचा हात म्हणतात. बाई शेकडो माणसं हातावरून ओळखत. कॉलसाइन, म्हणजे लायसन्सबरोबर मिळालेलं रेडिओवरचं नाव, कळायच्या आधीच म्हणायच्या, "हा आला जबलपूरवाला. आज तोंडात पान हाये त्याच्या." मला वाटायचं, उगाच आपलं पोरांना चकित करायला. मग बऱ्याच वर्षांनी एकदा माझ्यासमोर तसं घडलं. जबलपूरवाला नेहमीसारखा बोलत होता, मला काहीच वेगळं वाटलं नाही. बाईंनी मात्र त्याला मध्येच तोडलं आणि की सोडून फ्रिजवरचा डबा काढला. रुमाल सोडून, चष्मा शोधून, त्याच्या घरी फोन लावला. त्याच्या बायकोला मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "भाभी, उनको अभी के अभी डाक्टर के पास लेके जाओ. हाथ ठीक नहीं है उनका." भाभी म्हणाली, हात तर ठीक आहे. बाई म्हणाल्या, "आपको नहीं दिखेगा."

त्याच्या हृदयाचं दुखणं निघालं. वेळेवर पोचला. पुढे त्याने जबलपूरहून बाईंसाठी खोव्याच्या जिलेब्या पाठवल्या. त्या आम्ही पोरांनीच संपवल्या.

बाई तेल्हाऱ्याकडच्या. मूळ गावाबद्दल त्या कमी बोलत. एकदा मी विचारलं, "बाई, तुम्हाला तारेची आवड कशी लागली?" त्यांनी कीचं बटण पदराने पुसत सांगितलं, "नोकरीले लागली तवा हापिसातला माठ मी शिवलेला चालत नव्हता काही लोकायले. पण कीवर बसली का पलीकडचा साहेब मलेच मानानं नमस्कार करे. तारेत हात कळते, जात नाई कळत. मले आवडलं ते." मग लगेच दुसऱ्याच विषयावर गेल्या.

सरकारने तारा बंद केल्या तेव्हा वर्तमानपत्रांत हळहळ छापून आली. बाईंना काहीच वाटलं नाही. "तारेनं कोणाचं भलं केलं रे? तारवाला दिसला का लोक आधी रडत, मंग वाचत."

आमच्यात आणखी एक रीत आहे. रेडिओवर कुठल्याही पुरुषाला 'ओल्ड मॅन' म्हणायचं आणि कुठल्याही बाईला 'यंग लेडी'. वयाचा संबंध नाही. बाईंना ही रीत फार आवडे. सत्तरी ओलांडल्यावर तर जास्तच. "तू म्हतारा," मला म्हणायच्या, "अन् मी तरणी पोट्टी." पुण्याला रेडिओवाल्यांचा एक मेळावा होता, तिथे मी त्यांना घेऊन गेलो होतो. एका सभ्य गृहस्थांनी त्यांना अदबीने विचारलं, "वा! मग तुमचे मिस्टर ऑपरेटर आहेत का?" बाई म्हणाल्या, "मिस्टर नाई हायेत. अँटेना हाये." गृहस्थ चहा आणायला गेले ते परत आलेच नाहीत.

आता मी जे केलं त्याच्याकडे येतो.

मी अकोल्यात एका कॉलेजच्या संगणकांची देखभाल करतो. लग्न झालं, मुलं झाली, मग आईचं आजारपण. सकाळची ती वेळ मला जड जायला लागली. घरोघर एलईडी दिवे आणि स्वस्तातले चार्जर आल्यापासून शहरात रेडिओवर नुसती खरखर असते. तिच्यात कान खुपसून बसायचं आणि 'काल पिठलं खाल्लं' एवढं ऐकायचं. बाईंनाही कमी ऐकू यायला लागलं होतं, पुन्हा पुन्हा पाठवावं लागे. मी कधी झोपून राहायचो आणि नंतर लाइट गेली होती म्हणून सांगायचो. बाई म्हणायच्या, "असं का." एवढंच. त्यांना अकोल्याची लाइट माझ्याइतकीच ठाऊक होती.

तेव्हा मी त्यांना डिजिटल मोडवर आणायचं ठरवलं. सगळ्यांना सांगितलं, बाईंच्या कानांसाठी. स्वतःलाही तेच सांगितलं. खरं म्हणजे मला सकाळी उठायचं नव्हतं.

ही पद्धत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रेडिओ एका छोट्या डब्बीतून संगणकाला जोडायचा. संगणक ठरीव छोटे निरोप सुरांमध्ये पाठवतो आणि पलीकडचा संगणक ते उचलतो. पंधरा सेकंद एकाने बोलायचं, पुढचे पंधरा दुसऱ्याने. म्हणून दोघांची घड्याळं सेकंदाला सेकंद जुळलेली लागतात. गंमत अशी की आवाज खरखरीच्या खाली गाडला गेलेला असला, माणसाच्या कानाला काही म्हणजे काही ऐकू येत नसलं, तरी संगणकाला तो सापडतो. आणि जगात कुणीही तुम्हाला ऐकलं की इंटरनेटवरच्या नकाशात तुमच्या गावावर ठिपका उमटतो.

मी जुना लॅपटॉप घेऊन गेलो, डब्बी जोडली, घड्याळ मिळवलं, पॉवर कमी केली. बाई मागे उभ्या राहून बघत होत्या. पडद्यावर निळ्या रंगात पिवळ्या रेघा उतरत होत्या.

"यात माणूस कोणता?" त्यांनी विचारलं.

"ही प्रत्येक रेघ एक माणूस आहे, बाई."

"सगळे तं सारखेच दिसून राहिले." त्या वाकून बघत राहिल्या. "अन् हात?"

"यात हात नसतो."

"मंग कळते कसं कोण आजारी हाये?"

मी हसलो. "नाही कळत. पण ब्राझीलशी बोलता येतं."

ब्राझीलशी बोलणं झालंच, पहिल्याच दिवशी. त्याचा निरोप ओळीने पडद्यावर आला आणि बाईंच्या चेहऱ्यावर नको नको म्हणता कौतुक उमटलं. पुढे त्यांना नाद लागला. नवे नवे देश मोजायच्या. ठरीव निरोपांचा मात्र त्यांना राग होता. "हे काय, लग्नाच्या पत्रिकेसारखं!" त्या यंत्रात तेरा अक्षरांचा एक मोकळा निरोप हाताने लिहिता येतो, तो त्यांनी शोधून काढला. माझ्याशी संपर्क झाला की शेवटी रोमन अक्षरांत 'जेवला का' असं यायचंच. मी कधी उत्तर द्यायचो, कधी नाही. यंत्राचं काम झालेलं असायचं.

आमची सकाळची वेळ अशी आपोआप बंद पडली. कुणी बंद करू या असं म्हटलं नाही.

एक अडचण उरली. हाका आणि ठरीव उत्तरं यंत्र आपलं आपण पाठवतं, पण दर संपर्कानंतर पुन्हा बटण दाबावं लागतं, आणि काही मिनिटं कुणी हात लावला नाही तर यंत्र आपोआप गप्प होतं. ती सोय मुद्दाम ठेवलेली आहे. यंत्रासमोर माणूस बसलेला असला पाहिजे, हा आमचा नियम आहे आणि शिष्टाचारही. बाई चहा करायला उठल्या की यंत्र थांबायचं, आणि नकाशावरचा ठिपका विझायचा. मला कॉलेजात बसल्या बसल्या तो ठिपका बघायची सवय लागली होती. दिसला की बरं वाटे, बाई ठीक आहेत. नाही दिसला की फोन करायला हवा, तो त्या उचलणार नाहीत, मग जायला हवं.

तेव्हा मी बटण दाबत राहणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि ते गप्प होणं काढून टाकलं.

बाईंना ते पसंत नव्हतं. "म्हंजे मी नसताना हे माह्या नावानं बोलीन?"

"फक्त तुम्ही चहा करून येईपर्यंत, बाई."

"भुताटकी हाये ही, पम्या."

"तुमचा ठिपका दिसला की मला कळतं, तुम्ही बऱ्या आहात. माझ्यासाठी राहू द्या."

माझ्यासाठी म्हटल्यावर त्यांनी राहू दिलं.

आता सांगतो ते झालं यंदाच्या मे महिन्यात. ऊन असं की अकोल्यात दुपारी कुत्रंही रस्त्यावर दिसत नव्हतं. एक दिवस संध्याकाळी मला अमरावतीहून रेखावहिनींचा फोन आला. त्या माहेरी मोर्शीला गेल्या होत्या, नुकत्याच परतल्या होत्या.

"भाऊ, बाई दार नाई उघडून राहिल्या. दुधाच्या पिशव्या फाटकालेच लटकून हायेत. फुगल्या पार. आमच्या यायले सांगू का दार तोडायले?"

मी समोरच्या पडद्यावर पाहिलं. ठिपका होता. इतकंच नाही, त्याच सकाळी मी कॉलेजात ठेवलेल्या माझ्या रेडिओवरून बाईंना बोलावलं होतं आणि त्यांनी उत्तर दिलं होतं. माझा सिग्नल किती, त्यांचा किती, नमस्कार. सगळं शिस्तीत.

"अहो वहिनी, कशाला तोडता दार," मी म्हणालो. "सकाळीच बोललो मी त्यांच्याशी. आत्तासुद्धा रेडिओवर आहेत. त्या स्टेशनवर बसल्या की दार उघडतात का कधी? कूलर लावला असेल, ऐकू आलं नसेल."

"अन् दूध?"

"विसरल्या असतील."

"बरं बाप्पा," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज मोकळा झाला. "तुमी बोलले म्हंजे ठीकच हाये. मी उगाच घाबरली."

हा आवाज अजून माझ्या कानात आहे. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि त्या भाकरी टाकायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा बोलावलं. पुन्हा उत्तर आलं. सिग्नल, सिग्नल, नमस्कार. मी चहाचा कप उचलला आणि पडद्याकडे बघत राहिलो. पुढची ओळ आलीच नाही. 'जेवला का' आलं नाही. मग आठवलं, कालही आलं नव्हतं.

मी कप कुठे ठेवला मला माहीत नाही. बस मूर्तिजापूरला थांबली तेव्हा मी कंडक्टरवर ओरडलो, हे आठवतं. बसमधून वहिनींना फोन केला, "तोडा दार." त्या म्हणाल्या, "काल तं तुमी..."

मी पोचलो तेव्हा वहिनींच्या मिस्टरांनी मागचं दार नुकतंच उचकटलं होतं. खोलीत कूलर घरघरत होता, पाणी संपून नुसता गरम वारा फेकत होता. टेबलावर लॅपटॉप चालू. रेडिओचा पंखा चालू. पंधरा सेकंद सूर, पंधरा सेकंद गप्प. बाईंच्या नावाने ते जगाला हाका घालत होतं, आणि बाई टेबलाखाली पडल्या होत्या.

डावी बाजू गेलेली होती. तोंड वाकडं झालं होतं, ओठ फाटले होते. डोळे उघडे होते. वहिनींनी किंचाळून पाण्याचा तांब्या आणला. त्यांच्या मिस्टरांनी कूलर बंद केला, आणि तेव्हा मला तो आवाज ऐकू आला.

टक. टक-टक. टक.

बाईंनी उजव्या हाताने वायर ओढून पितळेची की खाली पाडली होती. ती त्यांच्या कुशीपाशी आडवी पडली होती आणि त्यांची दोन बोटं बटणावर होती. बोटांची कातडी सोलली होती. त्या मला बोलावत होत्या. माझा कॉलसाइन, मग त्यांचा. पुन्हा माझा.

ती की मुकी होती. रेडिओ डिजिटल मोडवर असताना की दाबून काही जात नाही. आधी मोडचं बटण फिरवावं लागतं, आणि ते वर टेबलावर, रेडिओच्या तोंडावर होतं. बाईंना हे पक्कं माहीत होतं. तरी त्या पाठवत होत्या. त्यांच्या डोक्यावर माझं यंत्र त्यांच्याच नावाने ओरडत होतं, त्याला अकोल्याहून मी उत्तर देत होतो, आणि ते त्या ऐकत होत्या. पलीकडे मी आहे हे त्यांना कळत होतं का? मी उत्तर दिलं तेव्हा रेडिओतून सूर उमटलेच असतील. इथे माझं डोकं चालायचं थांबतं. आजही थांबतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटच्या बऱ्या कधी होत्या? कुणी बोललं होतं का? वेळ फार महत्त्वाची आहे."

मी म्हणालो, "आज सकाळी. माझ्याशी."

मी असं का म्हणालो? दुधाच्या पिशव्या मी पाहिल्या होत्या. पण वहिनी शेजारी उभ्या होत्या, आणि मी त्यांना सांगितलं होतं की मी बोललो. तोंडातून तेच निघालं. डॉक्टरांनी घाईने स्कॅन करून आणला आणि माझ्याकडे पाहिलं. "सकाळचं नाही हे. बरंच आधीचं आहे. सकाळचं म्हणून औषध दिलं असतं तर मेंदूत रक्तस्राव झाला असता."

"मग मला नाही सांगता येणार," मी म्हणालो.

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. आजही भेटल्या की नमस्कार करतात आणि आत जातात.

बाई काही दिवस जगल्या. त्या गेल्यावर क्लबने सभा ठेवली. आमच्यात माणूस गेला म्हणजे त्याची की गप्प झाली असं म्हणतात. वहिनींच्या मिस्टरांनी पाहिलेलं तोवर सगळीकडे पसरलं होतं, आणि एकेक जण उठून सांगत होता, बाई हातात की घेऊन पडल्या, असं भाग्य कुणाला मिळतं! एकजण म्हणाला, त्या दवाखान्यात होत्या त्या दिवशीही त्याचा बाईंशी संपर्क झाला. लोकांनी त्याला समजावलं, तू तारखेचा घोळ केलास, आपली वेळ आणि जागतिक वेळ यात असं होतं. तो बिचारा ओशाळून बसला. त्याचा काही घोळ नव्हता. मी यंत्र बंद करायला विसरलो होतो. मग अध्यक्ष म्हणाले, बाईंचा शेवटचा संपर्क प्रमोदजींशी झाला, हा त्यांचा मान. टाळ्या वाजल्या. मी उभा राहिलो आणि हात जोडले.

पण सभेच्या आधीचा एक दिवस आहे, तो मी बायकोलाही सांगितलेला नाही.

बाईंना दाखल केल्याच्या दुसऱ्या दिवशी मला आयसीयूत सोडलं. बाईंच्या घशात नळी होती. उजवं मनगट पलंगाच्या दांडीला पट्टीने बांधलेलं होतं. मी नर्सला विचारलं, हे का?

"आजी सारखं बोट आपटतात, दादा. नळी उपसतील म्हणून बांधलं." मग तिने विचारलं, "त्या काही म्हणून राहिल्या असतील का? बघा न, एकसारखंच करतात."

मी पाहिलं. मनगट बांधलेलं होतं, पण तर्जनी मोकळी होती आणि चादरीवर चालत होती. थकलेली, रेघा लांबलेल्या, दोन शब्दांत दम खाणारी. पण हात बाईंचाच होता, मी तो कुठेही ओळखला असता. आधी माझा कॉलसाइन आला. मग अक्षरामागून अक्षर: बंद केलं का.

त्या सगळ्या दवाखान्यात ते वाचता येणारा मी एकटाच होतो.

"काही म्हणतात का?" नर्सने पुन्हा विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "तारघरात होत्या. सवय आहे."

हो म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं, काय म्हणतात. डॉक्टर आले असते, वहिनी आल्या असत्या, आणि मला उभं राहून एकेक अक्षर मोठ्याने वाचावं लागलं असतं. बाई आणखी काय काय म्हणाल्या असत्या, ते मला ऐकायचं नव्हतं.

बाईंनी डोळे माझ्याकडे वळवले. तर्जनीने शेवटचं एक अक्षर पाठवलं. रेघ, टिंब, रेघ. आपलं सांगून झालं की ते पाठवतात. त्याचा अर्थ, आता तू बोल. ते पाठवलं की समोरच्याचं उत्तर येईपर्यंत कीला हात लावायचा नसतो.

माझा हात त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर होता. त्यांच्या तळव्यावर एक बोट टेकवलं असतं तरी पुरे होतं. मी तो पँटच्या खिशात घातला. नर्स म्हणाली, वेळ झाली. मी निघालो, आणि काचेच्या दारातून एकदा मागे वळून पाहिलं.

बोट चादरीवर स्थिर होतं, किंचित उचललेलं. बाई वाट बघत होत्या. माझी पाळी होती.